मावशीचे दहा

या, अशा जवळ येऊन बसा. एक गोष्ट सांगते. गोष्ट एका भट्टीवाल्याची आहे, पण तीत घोळ मी घातला, म्हणून सांगायचीही मीच.

माझा खुब्याचा सांधा बदलला, त्यानंतरचे दिवस. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात फेऱ्या मारून भागणार नाही, पायांत ताकद आणा. सुनेने चौकशी करून मला एका व्यायामाच्या वर्गाला घातलं. औषधाच्या दुकानावरची लांबट खोली. खाली काळी रबरी चटई, एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात वजनं, आणि चार लोखंडी खुर्च्या. शिकवणारी कोच तिशीची, खांदे दरवाजाएवढे, आवाज मात्र मऊ. एका वेळी चारच माणसं घ्यायची, हा तिचा नियम. चौघंही ऑपरेशन होऊन आलेली.

एक मी. दुसऱ्या, गुडघा बदललेल्या गणिताच्या बाई. तिसरा, खांद्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा वायरमन. आणि चौथे भट्टीवाले.

भट्टीवाले सव्वीस वर्षं एका बेकरीत भट्टी सांभाळत होते. आतड्याचा तुकडा काढावा लागला, पोटभर टाके पडले. डॉक्टरांनी आता वजन उचलायची परवानगी दिली होती, पण बेकरीच्या मालकीणबाईंनी एक अट घातली होती. पिठाचं वीस किलोचं पोतं जमिनीवरून टेबलावर, सलग दहा वेळा. जमलं तर भट्टी त्यांची. नाही जमलं तर पुढे दुकानात बसून पावाचे पुडे बांधायचे. तारीखही ठरली होती.

"पुडे बांधायला काय वाईट आहे?" मी एकदा म्हटलं. "बसून काम, पगार तेवढाच."

"मावशी, भट्टी दुसऱ्याने लावायची आणि मी त्याच्या पावाला कागद गुंडाळायचा? पोटातलं काढलं ते काढलं. हे तरी राहू दे."

कोच जोड्या लावायची. एकाने व्यायाम करायचा, दुसऱ्याने मोजायचं. करणाऱ्याने आकड्याकडे बघायचं नाही, श्वास सांभाळायचा. दहा पूर्ण झाले की मोजणाऱ्याने भिंतीवरच्या तक्त्यावर खूण करायची, आणि मग पुढच्या वेळी वजन वाढायचं. मी भट्टीवाल्यांची जोडीदार. बाई वायरमनच्या.

आता माझा घोळ ऐका. वाळूची पिशवी पाचव्यांदा उचलताना भट्टीवाल्यांचा चेहरा विटेसारखा लाल व्हायचा, कपाळावरची शीर टरारून यायची. मला बघवायचं नाही. पाचानंतर माझ्या तोंडून सहा न येता एकदम सात यायचं, साताच्या पाठोपाठ नऊ. त्यांच्या कानांत रक्त धडधडत असणार, त्यांना काय कळतंय? भजनात म्होरक्याचा दम तुटला की मागच्यांनी ओळ उचलून धरायची, ही माझी लहानपणापासूनची सवय. इथेही मी तेच करतेय असं मला वाटायचं. घरी जाताना स्वतःवर खूश असायची. म्हणायची, देव बघतोय. बघतच होता तो.

पलीकडे वायरमनची रोज कुरकुर चालायची. भिंतीवर पंजा टेकून हात वर सरकवायचा, एवढाच त्याचा व्यायाम.

"बाई, पाच म्हणा की."

"चार झाले. चारच म्हणणार."

"त्या मावशींकडे बघा. किती मायेने मोजतात."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

तारखेला महिना उरला तेव्हा कोचने खरं वीस किलोचं पोतं आणलं आणि म्हणाली, आज मी मोजते. सहा झाले. सातव्याला पोतं गुडघ्यापर्यंत आलं आणि खाली बसलं. कोच तक्त्याकडे बघत राहिली. "अठरा किलोचे दहा तुम्ही परवाच केलेत. मग वीसचे सहाच कसे?"

भट्टीवाल्यांचा हात पोटावर गेला. चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आत काहीतरी परत बिघडलंय," ते हळूच म्हणाले. "उद्या डॉक्टरांकडे जातो."

खुर्चीची पाठ धरून मी उभी राहिले. "तुमचं पोट ठणठणीत आहे," मी म्हटलं, "दहा कधी झालेच नव्हते. आठ व्हायचे. मी दहा म्हणायचे."

भट्टीवाल्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "माया नाही केलीत तुम्ही, मावशी. दोन महिने मला आजारी ठेवलंत." आणि जिना उतरून गेले.

मी कोचला म्हटलं, माझी जोडी बदल. ती म्हणाली, "बदलली तर दुसऱ्याला खोटं मोजाल. त्यांनाच खरं मोजा."

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी आले. वजन चौदा किलोवर आणलं होतं. आठवडाभर माझ्याशी आकड्यांपलीकडे एक शब्द बोलले नाहीत. मी हात न लावता खुर्चीवरून उठायचे, ते मोजायचे. बोटाचं टोक जरी खुर्चीला लागलं तरी, "हात लागला. पाचच." मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. आणि माझी पाळी आली की, देवा, सहाला सहा म्हणणं किती जड जातं ते मला तेव्हा कळलं. त्यांचे हात थरथरायचे, माझी जीभ पुढच्या आकड्यावर जाऊन बसायची, आणि मी तिला मागे ओढायची.

सोळा किलोचे दहा झाले त्या दिवशी ते धापा टाकत पहिल्यांदा बोलले. "हे खरे ना?"

"खरे. देवाची शपथ."

"देवाला कशाला मधे घेता? बाई, तुम्ही सांगा."

बाईंनी वायरमनच्या हातावरची नजरही काढली नाही. "दहाच. मीही मोजत होते."

ठरल्या दिवशी आम्ही सगळे बेकरीत गेलो. भट्टी धगधगत होती, टेबलावर पिठाचा पातळ थर. मालकीणबाई तशा मनाच्या मऊ. म्हणाल्या, "मी मोजते."

"नको," भट्टीवाले म्हणाले. "तुम्हाला माझी दया येईल. मावशी मोजतील. त्यांची दया संपवलीय आम्ही."

एक. दोन. पाचपर्यंत सरळ गेलं. सातला मान लाल झाली. आठवं पोतं टेबलावर पडलं आणि ते टेबल धरून उभे राहिले, घाम हनुवटीवरून पिठात टपकत होता.

"आठ म्हणजे पुष्कळ झाले हो," मालकीणबाई पुटपुटल्या.

"आठ," मी म्हटलं, आणि ओठ मिटून घेतले.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पोतं खाली घेतलं. श्वास घेतला, कंबर वाकवली, पाय रोवले. नऊ. आणि मग न थांबता, जणू मला विचार करायला वेळच द्यायचा नाही अशा झपाट्याने, पोतं पुन्हा खाली आणि पुन्हा वर. टेबल हादरलं, पिठाचा ढग उठला.

दहा मी इतक्या जोरात म्हटलं की बाहेरची गिऱ्हाइकं आत डोकावली. मालकीणबाईंनी खुंटीवरचा एप्रन काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी मागे हात नेऊन स्वतःच गाठ मारली आणि सरळ भट्टीकडे गेले. आमच्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच मला फार आवडलं. माझ्या लेकाला पहिली नोकरी लागली तेव्हाही माझी मान इतकी ताठ नव्हती.

एक मागणं मात्र आहे. त्या दिवशी वायरमननेही टाळ्या वाजवल्या, ऑपरेशनचा उजवा हात कमरेशीच ठेवून, त्यावर डावा आपटत. तो अजून चारवर आहे. रोज जिना चढून येतो, भिंतीला पंजा टेकतो, पाचव्याला हात घसरतो, आणि बाई चार म्हणतात. देवापुढे उभे राहाल तेव्हा त्याची आठवण ठेवा. त्याच्यासाठी पाच मागू नका. उद्याही तो यावा, एवढंच मागा.