वरवंट्याला लागलेली माती

चटणीला मातीचा वास आला आणि मालनबाईंचा संशय पक्का झाला.

घरात काहीतरी शिजतंय हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं. सून वृषाली उजाडायच्या आत बागेत फिरायला जायची. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, आत्या," म्हणायची. आता चालायला जाणारी बाई पिशवी कशाला नेते? आणि ती पिशवी नेली की पाट्यावरचा वरवंटा कसा नाहीसा होतो? परत यायचा तो धुऊनपुसून, पण एखादी गवताची काडी चिकटलेली असायचीच. करणी मानणारं घर असतं तर देवऋषी गाठला असता. मालनबाईंच्या घरात रोज बुद्धवंदना व्हायची, तिथं असल्या थोतांडाला थारा नव्हता. मग उरलं काय? कुणीतरी पुरुष. पुरुषाचा आणि वरवंट्याचा संबंध काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण संशयाला कुठं संबंध लागतो!

सुगतला, त्यांच्या एकुलत्या लेकाला, जाऊन तीन वर्षं झाली होती. वृषाली तरणीताठी. तिनं दुसरं घर केलं तर लोक काय म्हणतील याची मालनबाईंना फिकीर नव्हती. पण ती गेली की नात चैतालीही जाणार, आणि मग या घरात 'आजी' म्हणून हाक मारायला कुणी उरणार नाही. ही भीती त्यांना रात्र रात्र झोपू देत नव्हती.

दुसऱ्या दिवशी झोपलेली चैताली शेजारच्या शामलाकडं सोपवून त्या सुनेच्या मागोमाग निघाल्या.

धाराशिव संपतं तिथं ती भलीमोठी बाग. मालनबाई पहिल्यांदाच आत शिरल्या, आणि त्यांना तिथलं काहीच बरं वाटेना. एका बाजूला सात-आठ म्हातारे गोल उभे राहून हात वर करून हसत होते. हसण्यासारखं काय घडलं होतं? एक बाई उलटी चालत होती. कानात वायरी घातलेला एक जण एकटाच बोलत होता. 'अशा ठिकाणी माणूस बिघडंल न्हाईतर काय,' असं म्हणत त्या सिमेंटच्या हरणाआड दडल्या.

पलीकडच्या मैदानात वृषाली होती. आणि तिच्याजवळ एक पुरुष! पिकल्या मिशांचा, गळ्यात शिट्टी. त्यानं तिचं कोपर धरून वर केलं. मालनबाईंचं डोकं भणभणलं. त्या पदर खोचून तरातरा पुढं झाल्या, आणि तेवढ्यात धप्पकन वरवंटा त्यांच्यासमोर येऊन आदळला.

"पाय तोडतीस का माजा!"

वृषाली जागीच थिजली. मिशीवाला धावत आला. "मी बलभीम, रिटायर हवालदार. पोलीस भरतीची तयारी करून घेतो पोरींची. फेकायचा गोळा एकच हाय, पोरी धा. नंबर येईस्तोवर ही वरवंट्यावर हात बसवती."

त्याच्यामागं बाकीच्या नऊ पोरी उभ्या होत्या. रागाच्या भरात त्या मालनबाईंना दिसल्याच नव्हत्या.

"मला का न्हाई सांगितलंस?" वाटेत त्यांनी विचारलं.

"तुमी नको म्हणला असता. नोकरी लागली की बाहेरगावी जावं लागंल."

ते खरं होतं. मालनबाईंनी नको म्हटलंच असतं. माणूस असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. सरकारी नोकरीशी काय भांडायचं? ती सुनेला-नातीला घेऊन जाणार, आणि वर लोक पेढे मागणार. त्या रात्री त्यांनी वरवंटा ज्वारीच्या कोठीत खोल पुरून ठेवला. आपण चोरी करतोय हे त्यांना कळत होतं, तरी केली.

पहाटे वृषाली पाट्याशी गेली. खाट, मोरी, फळी, सगळं धुंडाळलं. विचारलं मात्र काही नाही. नुसतं सासूकडं बघितलं. ती नजर मालनबाईंच्या चांगली ओळखीची होती. इतके दिवस त्या सुनेकडं अशाच बघत आल्या होत्या. आपल्यावर रोखलेली ती त्यांना सोसवेना.

त्या उठल्या, कोठीत हात घातला आणि वरवंटा काढून पदरानं पुसला.

"म्याच लपवला व्हता," त्या म्हणाल्या. "आण ती पिशवी. वजन मी घेते. चैतालीला उठीव, तिलाबी बघू दे आई कुठवर फेकती ते. पर एक खरं सांग. त्या पोलिसांच्या खोल्यांत पाटा ठिवायला जागा असती का?"

"असती की," वृषालीनं पिशवी पुढं केली. "पर नुसता पाटा नेऊन काय करू, आत्या? वाटायला तुमीबी लागताल की."

मालनबाईंनी तिचं तोंड बारकाईनं न्याहाळलं, कुठं खोटं सापडतंय का म्हणून. सापडलं नाही. मग त्या चपला शोधू लागल्या.