सिस्टर विसरल्या नव्हत्या

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं एक बिजागर सैल झालंय, झाकणावर ओरखडे आहेत आणि चार्जरची वायर काढली की अर्ध्या तासात मी मान टाकतो. पण माझं नशीब थोर, की आयुष्यातली बहुतेक वर्षं मी एका चांगल्या माणसाच्या घरी काढली. आज सांगतोय ती गोष्ट माझ्यापेक्षा त्यांचीच जास्त आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या कितीतरी हातांतून मी पुढे सरकत गेलो. शेवटी एका बाईंनी माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि माझ्या पोटावर ‘ठीक’ असा शिक्का मारला. तेव्हा माझी सगळीच्या सगळी बटणं ठीक होती, हे मुद्दाम सांगून ठेवतो.

मी ज्यांच्या घरी आलो त्यांना सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे. एका मोठ्या रुग्णालयात, ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या वॉर्डात त्यांनी चौतीस वर्षं नर्सचं काम केलं होतं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून मला त्यांच्या हाती दिलं. सुरुवातीला त्या मला तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांनी उचलायच्या. एकाच बोटानं टाइप करायच्या, पण शीर शोधून सुई टोचावी तसं ते बोट नेमकं पडायचं.

“याला ताप येत नाही, हा रात्री बेल वाजवत नाही,” त्या शेजारणीला म्हणायच्या. “एवढा शहाणा पेशंट मी उभ्या जन्मात पाहिला नाही.”

हे ऐकून माझा पंखा जरा जास्तच फिरायचा.

सिस्टरांची स्मरणशक्ती म्हणजे नवल होतं. एकदा त्या घरी येऊन हसत लेकीला सांगत होत्या, की रस्त्यात एका माणसानं त्यांना हाक मारली. वीस वर्षांनी भेटत होता. “मी म्हटलं, खाट नंबर नऊ, उजवा गुडघा. आता जिना चढता येतो ना? बिचारा बघतच राहिला!” आपल्या आयकराचं रिटर्नही त्या दरवर्षी माझ्यावर स्वतःच भरायच्या. पासवर्ड कुठंही लिहून ठेवलेला नव्हता. तो त्यांच्या डोक्यात होता.

पुढं त्यांच्या हातात नवा मोबाइल आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. वर्षातून एकदा, रिटर्न भरण्यापुरता मी खाली यायचो. एरवी धूळ खात पडलेला असायचो. एका दुपारी मात्र लेकीनं मला खाली काढलं. ती शाळेत शिकवायची आणि तिला प्रश्नपत्रिका तयार करायची होती. काम करता करता ती बिस्किटं खात होती. त्यातला रव्याएवढा एक कण सातच्या बटणाखाली जाऊन बसला. तिला पत्ताही लागला नाही. मला लागला, पण मला कुठं तोंड आहे?

त्या वर्षी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला पाच दिवस राहिले असताना सिस्टरांनी मला उघडलं. खात्याचं नाव मी जपून ठेवलेलंच होतं. त्यांनी पासवर्ड टाकला. माझ्या पडद्यावर लाल अक्षरं आली: पासवर्ड चुकीचा आहे. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा तेच. पासवर्डाच्या जागी नुसते काळे ठिपके दिसतात, त्यामुळे सात उमटलाच नाही हे त्यांना दिसणार कसं? पाचव्या चुकीनंतर खातं एक दिवसासाठी बंद झालं.

दुसऱ्या दिवशी लेक शेजारी येऊन बसली. तरीही तेच घडलं.

“आई, खाली लिहिलंय बघ. ‘पासवर्ड विसरलात?’ त्यावर दाब, नवीन करून टाकू.”

“मी विसरलेली नाही.”

“अगं, पण...”

“विसरले नाही, तर विसरले म्हणून का दाबू?”

“आई, हट्ट करू नकोस गं. या वयात होतं असं कधीकधी.”

लेक प्रेमानंच बोलली होती, पण तो घाव वर्मी बसला. सिस्टरांच्या थोरल्या बहिणीचं असंच झालं होतं. आधी किल्ल्या सापडेनात, मग शब्द सापडेनात आणि शेवटी पोटची पोरगी समोर उभी असताना बहिणीनं तिलाच विचारलं होतं, “आपण कोण?”

त्या संध्याकाळी सिस्टर माझ्यासमोर बसून हळू आवाजात औषधांची नावं म्हणत राहिल्या. मग वॉर्डातल्या खाटा, एक ते चोवीस. कुठंही अडखळल्या नाहीत. तरी चेहऱ्यावरची काळजी जाईना. तेवढ्यात स्वयंपाकघरात लेक हळूच गॅसचं बटण तपासून आली. सिस्टरांनी ते पाहिलं. मित्रांनो, माझा जीव इतका तुटला, पण मी चालू असूनही कामाचा नव्हतो.

दोन दिवसांनी दुपारी त्यांनी मला पिशवीत घातलं आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत नेलं. तिथं रिटर्न भरायला मोफत मदत करणारी एक ताई बसायची. जाड चष्मा, कानामागं पेन्सिल. तिच्यासमोर रांग होती. कुणी ओटीपी येत नाही म्हणून वैतागलेलं, कुणी जुना नंबर बंद झाला म्हणून रडकुंडीला आलेलं. पण ताईचा आवाज एकदाही चढला नाही. लेकही शाळेतून थेट तिथं आली होती.

“पासवर्ड विसरलात का, काकू?”

“सगळे तेच विचारतात,” सिस्टर म्हणाल्या.

ताईनं चष्म्यावरून त्यांच्याकडं नीट पाहिलं. “बरं. तुम्ही विसरला नाहीत, असं धरून चालू.”

एवढं एकच वाक्य, पण सिस्टर खुर्चीत ताठ बसल्या.

“पासवर्ड मला सांगू नका हं. किती अक्षरांचा आहे, तेवढंच सांगा.”

“अकरा.”

“मी मान वळवते. सावकाश टाइप करा आणि लॉगिन न दाबता ठिपके मोजा.”

सिस्टरांचं बोट फिरलं. मग त्यांनी पडद्यावर नखानं एकेक ठिपका मोजला.

“दहा.”

“पुन्हा करा.”

“दहाच!”

“म्हणजे एक अक्षर हा पठ्ठ्या खातोय,” ताई माझ्याकडं बघून म्हणाली. तिनं कोरं पान उघडलं. “आता सगळी अक्षरं आणि आकडे टाका बघू.”

अक्षरं सगळी उमटली. मग आकडे आले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आणि एकदम आठ. मी शरमेनं नुसता तापलो. सिस्टर पडद्याकडं बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“अहो, नका रडू. साफ करून देते.”

“अगं, तू माझा पासवर्ड नाही, माझं डोकं परत दिलंस,” सिस्टर म्हणाल्या.

ताईनं पेन्सिलीच्या टोकानं सातचं बटण अलगद वर उचललं आणि ब्रशनं खाली झाडलं. तो कण टेबलावर पडला. लेक खाली वाकली, तिनं तो बोटावर घेतला आणि तिचा चेहरा कसनुसा झाला.

“आई... हे तर माझं बिस्किट.”

“पुरावा खाऊन टाक,” सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या. आख्खी रांग हसली.

लेक हसली नाही. ती आईच्या खुर्चीशी गुडघ्यांवर बसली. “मी गॅस तपासत होते. तू पाहिलंस ना?”

“पाहिलं. नर्स आहे मी. चोरपावलं ओळखू येतात.” मग तिचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, “उद्या खरंच विसरायला लागले, तर असंच काळजीनं बघ. पण मागून नको, समोर येऊन बघ.”

सिस्टरांनी पुन्हा पासवर्ड टाकला. अकरा ठिपके. खातं पहिल्याच झटक्यात उघडलं. रिटर्न त्यांनी स्वतःच भरलं. ताईला फक्त शेवटी एकदा नजर टाकायला सांगितलं.

निघताना ताई म्हणाली, “काकू, मंगळवारी इथं फार गर्दी असते. याल का माझ्या मदतीला?”

तेव्हापासून दर मंगळवारी सिस्टर त्या खोलीत बसतात आणि मी त्यांच्यासमोर. परवा एक निवृत्त ड्रायव्हर आले. घाम पुसत म्हणाले, “बाई, माझं डोकंच आता चालत नाही.” सिस्टरांनी त्यांना आधी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “डोकं राहू द्या. बोटं दाखवा, कुठलं बटण दाबता ते.”

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा. आमच्यावर खाऊ सांडू नका, सांडलाच तर झाडून घ्या. आणि घरातल्या मोठ्या माणसाला ‘तू विसरलीस’ म्हणण्याआधी एकदा आम्हाला उलटंपालटं करून बघा. चूक आमची निघाली तर आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही. ती आमच्यापाशी सापडावी, एवढंच मागणं आहे.