पुलाखालून आलेली कविता

मी कर्णा बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच ओरडत आलो; आज जरा माझं ऐका.

बिश्केक शहरातल्या बाजारातून मला नारीन नदीच्या खोऱ्यात आणलं ते इंजिनीयर तुर्गुनालींनी. पूल बांधायचा होता. "दोर सोडा!", "बाजूला व्हा!" एवढंच आपलं काम, असं मला वाटलं होतं. पण साहेबांना कवितेचा नाद! जेवणाच्या सुट्टीत ते मला तोंडाला लावत आणि मजुरांचा घास घशातच अडके. एका शब्दावर सगळा भार टाकू नये, हे साहेबांचं शास्त्र. म्हणून डोंगर आला की पर्वत, शिखर, कडा, सगळे टेकू द्यायला हजर.

"साहेब, ही कविता काही कोसळत नाही, आम्हीच कोसळू," क्रेनवाला जेंगिश म्हणायचा. साहेबही हसत, पण माझ्या दांड्यावरची मूठ आवळली जायची. त्यांना लागायचं, मला कळायचं.

पूल झाला. मेंढ्या उन्हाळी कुरणात न्यायची वेळ आली, पण मेंढपाळ पुलावर पाय ठेवीनात. जुना पूल बर्फाच्या पाण्यानं नेला होता ना! नदी फुगलेली, आणि या काठावर गवताची काडी उरली नव्हती. पार गेल्या नाहीत तर मेंढ्या मरणार होत्या.

म्हातारे मेंढपाळ ओमुरकुल घोड्यावरूनच साहेबांना म्हणाले, "एवढी खात्री आहे ना? मग तू खाली उभा राहा. आम्ही वरून जातो."

"राहतो की."

"आणि हळूच पळालास तर?"

"बोलत राहतो. आवाज येईल."

साहेब मला घेऊन खाली उतरले आणि कविता सुरू केली. वर खुरांचा खडखडाट, माझ्या तोंडात धूळ. निम्म्या मेंढ्या गेल्या आणि कविता संपली. साहेब गप्प झाले, तशी वरची खुरंही थांबली.

"अरे, थांबलास का? म्हण पुढे!" ओमुरकुल ओरडले.

साहेबांना आजवर असं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. लिहिलेलं काही उरलं नव्हतं. मग सुचेल ते बोलू लागले: धूळ, मानेवर गळणारं पाणी, पोटातली भीती. डोंगराला एकदाच डोंगर म्हणाले. शेवटचं कोकरू पार होईपर्यंत आवाज थांबला नाही.

साहेब वर आले. म्हाताऱ्यानं घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, कुमिसचा वाडगा त्यांच्या हातात दिला.

"पूल पक्का आहे, कळलं आता. तरी पानगळीत परत येऊ, तेव्हा खाली उभा राहा."

सध्या मी खुंटीवर आहे. पानगळ जवळ आलीय आणि साहेब दिवसभर पुटपुटताहेत. कुणीतरी त्यांना सांगा हो, नुसती कविता घोटून भागायचं नाही, माझे सेलही बदलायला हवेत!