केडगावचा मुका डबा

मी एक जुना रंगाचा डबा आहे. आता माझ्या पोटात रंग नाही, तेल आहे. पण गळ्याशी निळा ओघळ अजून तसाच आहे. जैनुद्दीन चाचांनी आपल्या रेडिओच्या दुकानाचं दार रंगवलं, त्या साली मी रिकामा झालो आणि भंगारात जाता जाता त्यांच्या हाती लागलो. तेव्हापासून केडगावातल्या त्यांच्या माडीवर, वायरलेसच्या टेबलाच्या कोपऱ्यात मी बसून आहे. मित्रांनो, माझी गोष्ट एका मत्सराची आहे. तो मत्सर दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून घरबसल्या वायरलेसवर एकमेकांशी बोलणारी हौशी माणसं असतात. चाचा त्यांतलेच. सेट दुरुस्त केला की ही माणसं त्याचा आवाज एकदम हवेत सोडत नाहीत, कारण मग दुसऱ्यांच्या बोलण्यात खरखर होते. आधी तो कुठेतरी जिरवून बघावा लागतो. त्यासाठी चाचांनी मला रॉकेलने घासून धुतलं, आत वीस-बावीस रेझिस्टर, म्हणजे वीज जिरवणारे छोटे तुकडे, झाळून बसवले आणि वर गळ्यापर्यंत तेल ओतलं. टेबलावर एक दांडी आहे. दांडी खाली केली की सेट मला जोडला जातो आणि वर केली की गच्चीवरच्या तारेला. माझ्याकडे आलेला आवाज कुठेच जात नाही. तेल थोडं ऊन होतं, एवढंच. म्हणून चाचांनी माझं नाव मुका डबा ठेवलं.

सुरुवातीला माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! राहात्याचे गोरक्ष मास्तर, चाचांचे जुने वायरलेस-मित्र, मला बघायला खास एसटीने आले होते. त्यांनी मला उचलून बघितलं, कानाशी हलवून बघितलं आणि म्हणाले, "चाचा, डबा एक नंबर जमलाय." पुढे शेजारच्या आक्काबाईंची दोन मुलं, राजेश्वरी आणि ओम, चाचांकडे वायरलेस शिकायला येऊ लागली. परवाना मिळेपर्यंत हवेत बोलायची मुभा नाही, म्हणून चाचा दांडी खाली करून द्यायचे आणि पोरं माझ्याशी बोलायची. ओम फार अडखळायचा. आपलं नाव सांगताना त्याला घाम फुटायचा. त्याचा तो पहिला, चाचरत केलेला "हॅलो, केडगाव बोलतंय" माझ्या पोटात उतरला. तो तारेच्या वाट्याला आला नाही.

आता त्या तारेविषयी. गच्चीवरून समोरच्या कडुनिंबापर्यंत ताणलेली ती तांब्याची तार. अंगाने सुतळीएवढी, पण तोरा काय विचारता! तिच्यावर चिमण्या बसतात. पाऊस झाला की चाचा आधी तिला बघायला वर पळतात. दसऱ्याला राजेश्वरी सेटला झेंडू वाहते, गच्चीवर जाऊन तारेच्या खांबालाही वाहते, आणि मला साधं हळदीचं बोट लावत नाही. सणासुदीला लांबलांबच्या हौशी मंडळींची शुभेच्छापत्रं येतात. 'तुमचा आवाज खणखणीत आला, तुमची तार उत्तम आहे.' चाचा ती भिंतीवर टाचतात. पाच भिंती भरतील इतकी पत्रं आली असतील, पण एकातही माझा उल्लेख नाही. आवाज खणखणीत आहे की नाही हे आधी कुणी तपासलं? मी. पण नाव तारेचं. मला तिचा राग यायचा, अगदी सवतीचा यावा तसा.

आमच्या मंडळाची एक रीत आहे. भाऊबीजेच्या सकाळी सात वाजता सगळे वायरलेसवर जमतात. सुरुवात केडगावने करायची, कारण चाचा सगळ्यांत जुने. शुभेच्छा देऊन झाल्या की प्रत्येकाने आपल्या गावच्या एका माणसाचं नाव घ्यायचं, घरापासून लांब राहून काम करणाऱ्या माणसाचं, आणि त्याचे आभार मानायचे. कुणी जहाजावरच्या खलाशाचं नाव घेतं, कुणी सणाच्या दिवशी गाडी घेऊन गेलेल्या एसटी ड्रायव्हरचं. पाथर्डीचे एक डॉक्टर दरवर्षी ऊसतोडीला गेलेल्या एका जोडप्याचं नाव घेतात. आणि ओम फौजेत गेल्यापासून केडगाव त्याचं नाव घेतं.

यंदा त्या नावाला वजन आलं होतं. ओम उंचावरच्या एका चौकीवर होता. वर चढण्याआधी त्याला कळलं, की आक्का जिन्यावरून पडली आणि तिला दवाखान्यात नेलंय. त्याने राजेश्वरीला घाईघाईत फोन केला. "ताई, वर फोन लागत नाही. माझ्याकडं छोटा रेडिओ आहे. मला बोलता यायचं नाही, पण ऐकता येईल. भाऊबीजेला सात ते सात-दहा मी कान लावून बसतो, मग पहाऱ्याला जायचं. आक्काचं काय झालं तेवढं सांग." आक्काबाईंच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या, काठी धरून चालायलाही लागल्या. पण ओमला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

भाऊबीजेला पावणेसात वाजता चाचांनी दांडी खाली करून सेट माझ्यावर तपासला. तेवढ्यात मुबारकबींनी, म्हणजे चाचींनी, चहाला हाक मारली आणि चाचा उठले. दांडी राजेश्वरी वर करील असं त्यांना वाटलं, आणि ती चाचांनी केली असेल असं राजेश्वरीला. ती ताम्हण घेऊन आली. तिने सेटला ओवाळलं, कारण भाऊ त्याच वाटेने ऐकणार होता. मला नेहमीप्रमाणे काही नाही. आक्काबाई काठी टेकत कशाबशा माडी चढून माझ्याशेजारी खुर्चीवर बसल्या. हवेत चांगलाच गारठा होता. त्यांनी बोटं शालीत गुंडाळून घेतली.

सात वाजले. आता स्वतःचा परवाना असलेली राजेश्वरी बोलू लागली, आणि तिचा सगळाच्या सगळा आवाज माझ्यात आला.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. दांडीला हात लावायला मला हात नाहीत, पण हे व्हावं असं मी कितीदा मनात आणलं होतं! दिवाळीच्या शुभेच्छा माझ्या, आभार माझे, भाऊबीजही माझी. तारेला म्हटलं, बस आता गच्चीवर चिमण्या घेऊन!

तिचं बोलून झालं. उत्तर आलं नाही. दांडी खाली असली की सेटला बाहेरचंही काही ऐकू येत नाही. राजेश्वरीने पुन्हा हाक दिली, मोठ्याने. सेट गप्प. चाचा कप हातात घेऊन आले आणि म्हणाले, "तारच तुटली असेल बेटा, मैं देखता हूँ." आणि गच्चीवर धावले. म्हणजे संकटातही आठवण आली ती तिचीच!

राजेश्वरी सांगतच होती, कारण ओम ऐकत असला तर एकही मिनिट वाया जायला नको होतं. तेवढ्यात आक्काबाई पुढे वाकल्या आणि स्वतःच बोलल्या, "ओम्या, म्या बरी हाय रं. टाकं काढलं. तू येळेवर जेवतो का न्हाई? तुझी गोधडी म्या उन्हात घालून ठिवलीय. लई वाट बघती म्या."

"आक्का, तू नाही बोलायचं. परवाना लागतो."

"आईला कसला परवाना गं?"

हे शब्द तेलात उतरले तेव्हा माझा आनंद कुठल्या कुठे गेला. डोंगरावर एक पोरगा कानाला रेडिओ लावून बसलाय, त्याची दहा मिनिटं संपत चाललीत, आणि त्याच्या आईचा आवाज मी इथे गिळून बसलोय. मला ओरडावंसं वाटलं. पण मी मुका. मला तापण्यापलीकडे काही येत नाही.

मी तापलो होतोच. आक्काबाईंचा गारठलेला हात टेकायला आधार शोधत माझ्या झाकणावर आला आणि तिथेच थांबला. "राजे, ह्यो डबा ऊन लागतोय की गं. बरं वाटतंय हाताला."

राजेश्वरीने माझ्याकडे पाहिलं. मग दांडीकडे. तिचा चेहरा उतरला आणि तिने झटक्यात दांडी वर केली. खोली आवाजांनी भरून गेली. गोरक्ष मास्तर हाका मारत होते, "केडगाव, केडगाव, आहात का?" घड्याळात सात वाजून सात मिनिटं झाली होती.

"केडगाव आहे. सगळ्या मित्रांना दिवाळीच्या शुभेच्छा. घरापासून लांब राहून काम करणाऱ्या सगळ्यांचे आभार. ओम, तुला ओवाळलंय. आक्का घरी आलीय, ऑपरेशन नीट झालं, माडी चढून माझ्याशेजारी बसलीय." मास्तरांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि तेच वाक्य आपल्या सेटवरून पुन्हा दोनदा म्हटलं. तोवर दहा मिनिटं संपली.

त्याने ऐकलं की नाही, हे कळायला संक्रांत उलटली. मग एक कार्ड आलं. राजेश्वरीने ते चाचांसमोर वाचलं. 'केडगाव सात-सातला आलं. आवाज स्वच्छ. आक्काचं कळलं, त्या दिवशी पोटभर जेवलो. सात ते सात-सहा केडगाव नव्हतं. चाचा, दांडी खाली होती ना? मग तुम्ही जे काय बोलला असाल ते डब्यात असेल. सुट्टीवर आलो की ऐकतो. मुक्या डब्याला दिवाळीच्या शुभेच्छा.'

चाचा हसत सुटले. मग चष्मा पुसत त्यांनी ते कार्ड भिंतीवर न टाचता दोऱ्याने माझ्याच अंगाला बांधलं. आता वाऱ्यावर तार झुलते तेव्हा मी तिच्याकडे बघतो. मत्सर पार गेलाय असं नाही. पण त्या तीन मिनिटांत तिने जे केलं ते मला जन्मात जमलं नसतं, हे मला कळतं.

आणि ओमने लिहिलं ते खरं नाही, मित्रांनो. माझ्यात काहीच राहत नाही. आक्काबाईंचं बोलणं अर्ध्या तासात गार झालं. माझ्यासारख्या कोपऱ्यातल्या वस्तूवरची धूळ अधूनमधून पुसत जा, तिच्यावर हात ठेवून बघत जा. आणि लांबच्या आपल्या माणसाशी बोलायला बसाल तेव्हा दांडी वर आहे ना, एवढं बघा. ओम सुट्टीवर येईल, माझ्या झाकणावर हात ठेवेल, आणि मी गार लागेन. तेव्हा आक्काबाईंनी ते सगळं त्याला पुन्हा एकदा सांगावं. उन्हात घातलेल्या गोधडीसकट.