दर पाचवं घर

मैत्रेयी सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती, आणि चाळिशीला टेकल्यावर तिला पुन्हा शिकायचं सुचलं. नोकरी सांभाळून साथरोगशास्त्राची पदवी! शनिवार-रविवार वर्ग, इतर दिवस पेशंट, आणि घरी भाजी चिरता चिरता संख्याशास्त्र. हौस म्हणतात ती ही.

२०११च्या उन्हाळ्यात लखनऊमधल्या तिच्याच कॉलनीत काविळीची साथ आली. प्रबंधाचा विषय आयता दारी आला म्हणून ती मनातून खूश झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "हर पाँचवाँ घर, मैडम. जान-पहचान में घुसीं तो सर्वे गया." मैत्रेयीने ते ब्रह्मवाक्य मानलं.

ती रजा टाकून घरोघरच्या पाहणीला निघाली, तेव्हा मागच्या गल्लीत विनीता दारातच उभी होती. अकोल्याची पोर, नवरा बँकेत, सातवा महिना लागलेला. या शहरात हक्काचं माणूस म्हणावं तर तिला मैत्रेयीच.

"ताई, जरा आत येतेस? अन्नावर वासनाच नाहीये गं. खूप थकल्यासारखं होतंय."

"तुझं घर माझ्या नंबरात नाही. संध्याकाळी निवांत येते."

"अच्छा, ये मग. साबुदाणा भिजवते."

अहो, बाई डॉक्टर होती! दवाखान्यात हीच विनीता समोर बसली असती, तर तिने आधी डोळे पिवळे आहेत का ते पाहिलं असतं. गरोदर बाईच्या ही कावीळ जिवावर बेतते, हे तिला पाठ होतं. पण त्या सकाळी डोक्यात फक्त पुढचं पाचवं घर होतं. संध्याकाळी ती आकडे भरत बसली, दुसऱ्या दिवशी वर्ग होता, आणि जायचं राहून गेलं.

विनीताला बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात नेलं तेव्हा मैत्रेयी वर्गात पहिल्या बाकावर होती. विनीता वाचली, बाळ गेलं. लवकर नेलं असतं तरी ते वाचलंच असतं असं नाही, हे मैत्रेयी पुस्तकात वाचून होती. त्याने तिच्या जिवाची तगमग तिळभरही कमी झाली नाही.

पाण्याची फुटकी लाइन सापडली, दुरुस्त झाली. सरांनी पाठ थोपटली आणि फेरतपासणी करायला सांगितली. सुरुवातीचं घर चिठ्ठी टाकून ठरवायचं होतं. मैत्रेयीने चिठ्ठी उघडली. विनीताचं घर निघालं होतं. दुसरी चिठ्ठी उचलली असती तर कुणाला कळणार होतं? पण मेल्या त्या नियमापायी एकदा हे दार टाळलं होतं, आता नियम मोडून पुन्हा टाळायची तिला लाज वाटली.

विनीताने खुर्ची दिली, पाणी आणलं. मैत्रेयी माफीचं वाक्य जुळवून आली होती, पण तोंडातून निघाले ते कागदावरचे प्रश्न. पाणी उकळता का, घरात कुणाला कावीळ झाली का. पुढचा प्रश्न वगळून तिने पान उलटायला घेतलं. विनीताने वाकून कागद पाहिला.

"घरात कुणी गरोदर आहे का, हेच ना?" ती शांतपणे म्हणाली. "नाही म्हणून लिही, ताई. आणि आज आमचा नंबर आलाय, तर बस थोडा वेळ."