गेली का राहिली?

जिंकणार म्हणजे जिंकणारच, हे चंचलनं सकाळपासून इतक्यांदा सांगितलं की शेवटी आईनं कानात कापूस घालायची धमकी दिली. पण पोरगी ऐकते कुठली! सोनसूर संगीत पुरस्कार म्हणजे काय गल्लीतल्या गणपतीची स्पर्धा होती? नागपूरपासून बैतूलपर्यंतचे गाणारे-वाजवणारे वर्षभर त्याची वाट पाहत. शास्त्रीय, भजन, कव्वाली, लावणी, बँड, रॅप, डीजे, म्हणाल त्याचं बक्षीस! आणि यंदा सोहळा घराजवळ, सौंसरलाच. त्यात अकरावीतल्या चंचलचं आणि तिच्या मैत्रिणीचं, ऋतुजाचं, गाणं निवडलं गेलेलं. शब्द आणि गळा चंचलचा, पेटी ऋतुजाची. स्टुडिओ म्हणजे पांढुर्ण्यातली ऋतुजाच्या घरची माडी. पंखा बंद, खिडकी बंद, मोबाईल उशीवर आणि दोघी घामानं चिंब. कोणत्या प्रकारात बसवायचं ते आयोजकांनीच ठरवायचं होतं.

गाणं थोरल्या बहिणीवरचं, दीपालीताईवरचं. ताईच्या लग्नात चंचल रडली नव्हती, फोटो काढायलाच तिला वेळ पुरला नव्हता. मग एका संध्याकाळी आईनं सवयीनं ताईचं ताट मांडलं आणि तसंच उचलून ठेवलं. झालं! चंचल न्हाणीघरात शिरली आणि नळ सोडून पोटभर रडली. गाणं तिथंच सुचलं. गाव हिंदी मुलखाच्या हद्दीत, म्हणून शाळेत ती हिंदी बोलायची, निबंधात पुस्तकातली मराठी लिहायची, पण रडू काही त्या दोन्हींतून आलं नाही. ते घरच्या बोलीतच आलं.

ताईनं बैतूलला सासरी फोनवर गाणं ऐकलं आणि नुसती हुंदके देत राहिली. आज मात्र खास सोहळ्यासाठी माहेरी आली होती, नवी हिरवी साडी नेसून.

"जीजूले कायले नाही आणलं वं?" चंचलनं गाडीत विचारलं.

"त्याईले आणलं असतं तं तुई बडबड आयकून लग्नच मोडलं असतं," ताई म्हणाली. पुढे बसलेले बाबा खो खो हसले. जामसांवलीला हनुमानाच्या पाया पडून सगळे सोहळ्याच्या लॉनवर पोचले, तेव्हा दिवे लागत होते.

काय तो थाट! मंचामागं भलामोठा पडदा, पुण्याहून आलेला निवेदक, चकचकीत सोनेरी ट्रॉफ्या. रामाकोना गावच्या भजनी मंडळाला बक्षीस मिळालं तर सगळे म्हातारे एकदम मंचावर चढले आणि उतरायला कुणी तयार होईना. बँडवाल्यांचा मास्तर भाषण करायच्या ऐवजी क्लॅरिनेटच वाजवून गेला. गॉगलवाल्या रॅपर पोरानं "ही ट्रॉफी माझ्या आईला" म्हटलं, तशी मागून त्याची आई ओरडली, "पयले चष्मा काढ, दिसून नाही राहिला!" चंचलनं टाळ्या वाजवून वाजवून हात लाल करून घेतले. आज तिला सगळेच आवडत होते.

मग आलं भावगीत. तिनं ऋतुजाचा हात इतका घट्ट धरला की ती कळवळली.

बक्षीस छिंदवाड्याच्या एका गायिकेला मिळालं.

आता राहिलं काय? आपलं गाणं बसणार कुठं? तेवढ्यात निवेदक म्हणाला, "आणि आता, पोट धरून हसायला तयार व्हा! यंदाचं सर्वोत्कृष्ट विनोदी गीत... 'तू जाऊन राहिली'! गायिका चंचल, साथ ऋतुजा!"

विनोदी?

"अहो पण मला एक सांगा," निवेदक डोळे मिचकावत म्हणाला, "गेली का राहिली? एकच काहीतरी ठरवा!"

अख्खं लॉन फुटलं. माणसं मांड्यांवर थापा मारून हसत होती. आणि हसणारे कुणी पुण्याचे नव्हते हो! आत येताना ज्यांनी "येतोच आहे" म्हणायला फोनवर "येऊनच राहिलो" म्हटलं होतं, तेच सगळे.

चंचलनं ताईकडं पाहिलं. ताईसुद्धा हसत होती. पण सगळे हसतात म्हणून हसावं लागतं ना, तसं. हातात पदराचं टोक पिळून पिळून दोरी झालेलं. जे ऐकून ती रडली होती, त्यावर आता तिलाच हसावं लागत होतं. ते पाहून चंचलच्या डोक्यात काहीतरी सणकलं.

"चाल न वं, फोटो काढून राहिले!" ऋतुजानं तिला ओढत मंचावर नेलं. परीक्षक बाईंनी हसतमुखानं ट्रॉफी पुढं केली. चंचलनं हात पुढं केला नाही.

"घे न बाप्पा," ऋतुजा दातांतल्या दातांत म्हणाली.

"मॅडम, हे गाणं विनोदी नाही आहे."

माईकनं ते नेमकं पकडलं. पुन्हा हशा! "बघा, विनोद रक्तातच आहे!" निवेदक म्हणाला. आता मात्र चंचल घाबरली. ती काहीही बोलली तरी लोक हसणार होते. पळून जावंसं वाटलं. पण पळून गेली असती तर ताईचं रडणं कायमचं चेष्टेत जमा झालं असतं. तिनं निवेदकाच्या हातातून माईकच घेतला.

"तुमी इचारलं न, गेली का राहिली? दोन्ही. बैतूलले गेली, अन् आमच्या घरात राहिली. आमच्याकडं जाणारं माणूस असंच जाते."

आणि पेटीबिटी काही नाही, ती सरळ गायलाच लागली.

"तू जाऊन राहिली ताई, गाडी सुटून राहिली,
तुया हातची मेंदी माया ओढणीले लागून राहिली..."

पहिल्या ओळीला दोघं-तिघं खिदळले. दुसरीला एका काकूनं शेजारच्या काकांना कोपर मारलं.

"माय ताट मांडून राहिली, मंग उचलून राहिली,
बाबा दाराची कडी उगाच लावून काढून राहिले..."

आवाज जरा फाटला. ऋतुजानं हळूच खालचा सूर धरला, तेव्हा चंचल सावरली. शेवटची ओळ संपली. पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या, आणि बाबा बुटाची लेस बांधत बसले होते. त्यांनी चप्पल घातली होती.

परीक्षक बाई माईकजवळ आल्या. "बाळ, मी पहिलीच ओळ ऐकून हसले. पुढचं हसतच ऐकलं, म्हणजे ऐकलंच नाही. चुकलं माझं. भावगीताचं बक्षीस देऊन झालंय, ते परत घेता येणार नाही. पण हे गाणं विनोदी नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगते."

"मंग हे दुसऱ्याले द्या मॅडम," चंचल ट्रॉफीकडं बोट करत म्हणाली. "आमच्या इकडं हसवणारे लई आहेत."

या वेळी लोक हसले ते मोकळं हसले, आणि टाळ्या पडल्या त्याही दणकून.

"माया अर्ध्या ट्रॉफीचं काय वं?" पायऱ्या उतरताना ऋतुजा रडकुंडीला आली.

"तुले भजे खाऊ घालीन."

"जल्मभर खाऊ घालजो!"

निवेदकानं घाईघाईनं पुढचं नाव घेतलं. डीजेचा विजेता, भडक जॅकेटवाला एक दांडगा पोरगा, मंचावर आला. "वाजवा, वाजवा, जरा मूड बदला!" निवेदक म्हणाला.

पोरानं मान हलवली. "थांबा न भाऊ. दोन मिनिटं असंच राहू द्या."

चंचल खुर्चीपाशी पोचली. ताईचं काजळ गालावर उतरलं होतं, आणि आता ती हसत नव्हती. तिनं सरकून आपल्याच खुर्चीत तिला अर्धी जागा केली आणि कानाशी येऊन म्हणाली, "मधलं कडवं खाल्लं तुनं. माया झुमक्याचं. सगळ्यात चांगलं तं तेच होतं."

"घाबरली होती वं मी."

"मंग आता म्हण. हळू म्हण, मले एकटीलेच."

आणि त्या दोन मिनिटांत चंचलनं ते म्हटलं.