चिंतामणभाऊंच्या पोटऱ्या

"उपाशी पोटी या," असं मी चिंतामणभाऊंना तीनदा बजावलं होतं. चहासुद्धा नको, हे चौथ्यांदा.

ते शिरवळच्या एका कारखान्यात पोती उचलायचे. अर्धा जिना चढला की पोटऱ्या आखडायच्या, आणि मुकादम म्हणायचा, नाटकं करतो. मी सोमवारपर्यंत डॉक्टरी कागद दिला नाही तर त्यांची नोकरी जाणार होती. स्नायूत साखरेचं लॅक्टिक आम्ल किती वेगानं होतं, तो आकडा मला एमआरआयवर काढायचा होता. त्यासाठी जड कार्बनची खास साखर परदेशातून मागवली. आठ महिने पत्रापत्री केली आणि हाती पडला एकच डोस! सांगलीतलं मशीनही शनिवारी सकाळी तासभरच मिळालं.

डोस शिरेतून गेला. पडद्यावरची रेघ काही केल्या अंदाजाप्रमाणे चढेना. रक्तात साधी साखर मिसळली असेल तरच असं होतं. त्यांना बाहेर काढून विचारलं, "काय खाल्लंत?"

"काय बी न्हाई, मॅडम. शपथ!"

ते सांगलीत बहिणीकडे उतरले होते. ती, विजयमाला, दाराशीच उभी होती. "आवं, खातोय कशाला? निघताना दही-साखर तेवढी दिली."

"किती?"

"वाटीभर. चांगल्या कामाला निघालेला माणूस, तसाच कसा धाडायचा?"

"अहो, मग ते खाणं नाही तर काय?" मी ओरडलेच. आठ महिने पाण्यात गेले होते.

"रागावू नगासा. आज लय तरतरीत हाय बगा. इथलं दोन जिनं न थांबता चढला."

एरवी हा माणूस अर्ध्या जिन्यात बसकण मारायचा. म्हणजे याच्या स्नायूंना स्वतःची साठवलेली साखर वापरता येत नसणार. बाहेरून आलेली मात्र चालत होती. हे मला आधी सुचू नये, याचाच जास्त राग आला.

रविवारी सकाळी मी विजयमालाच्या घरीच जाऊन बसले. कुणी काही भरवायला नको! मग साखरेविना पाय अडतात का हे पाहायला उपाशी चिंतामणभाऊंना घेऊन त्याच जिन्याशी आले आणि चढायला लावलं.

अकराव्या पायरीवर त्यांचे पाय दगडासारखे झाले. कठडा धरून ते खाली बसले. मी वाकून पोटऱ्या दाबून पाहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा उजळला होता.

"लिवा, मॅडम," ते कण्हत म्हणाले, "नाटक न्हाई म्हणून लिवा."